तारण कोणाचे आणि कशापासून? कॅथलिक-प्रोटेस्टंट वादाचा इतिहास

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्या अभ्यासवर्गांत एक ठरलेली मांडणी ऐकू येते. कॅथलिक म्हणजे पोपचे, पुरोहितशाहीचे, पैसे घेऊन पापे माफ करणारे. प्रोटेस्टंट म्हणजे ल्यूथरचे, बंडखोर, मधला दलाल हाकलून देणारे. त्याच्या पुढचे वाक्यही ठरलेले असते: ल्यूथर म्हणजे युरोपचा जोतीराव. याला आधार म्हणून बाबासाहेबांच्या 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा दाखला दिला जातो. ल्यूथरची धर्मसुधारणा ही युरोपच्या राजकीय मुक्तीची नांदी होती, असे बाबासाहेबांनी तिथे नोंदवले आहे, हे खरेच.

पण नांदी म्हणजे नाटक नव्हे. ल्यूथर आणि पोप यांचे भांडण नेमके कशावरून झाले, त्यांचे एकमत कशावर होते आणि त्या भांडणात सर्वांत खालच्या माणसाच्या पदरात काय पडले, हे तपासल्याशिवाय तो दाखला वापरणे म्हणजे घोषणा देणे होय. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर पाहू.

ज्यावर दोघांचे एकमत आहे

आधी समान भूमी पाहू, कारण ती आपल्या समजुतीपेक्षा खूप मोठी आहे. माणूस जन्मतः पापाच्या अवस्थेत आहे, आदामाच्या पतनामुळे सारी मानवजात देवापासून तुटली आहे, हे दोघांनाही मान्य आहे. यालाच मूळ पाप म्हणतात. या अवस्थेतून माणूस स्वतःच्या बळावर बाहेर पडू शकत नाही, हेही दोघांना मान्य आहे. येशू ख्रिस्ताचे क्रूसावरचे मरण आणि पुनरुत्थान यांमुळेच तारण शक्य झाले आणि ते देवाच्या कृपेने मिळते, हेही मान्य. त्रैक्य, बाप्तिस्मा, अंतिम न्याय, स्वर्ग आणि नरक या गोष्टींवरही दोघांचे मूलभूत भांडण नाही.

इथे आपल्यातले बरेच जण चकित होतात. ‘कॅथलिक कर्माने तारण मानतात आणि प्रोटेस्टंट श्रद्धेने’ असे आपण पाठ केलेले असते. पण ल्यूथरला उत्तर देण्यासाठीच कॅथलिक चर्चने ट्रेंट येथे 1545 ते 1563 या काळात महासभा भरवली. तिने 13 जानेवारी 1547 रोजी तारणाविषयीचा आपला निर्णय जाहीर केला. त्या निर्णयातले पहिलेच कलम असे सांगते की, ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असे जो म्हणेल, तो धर्मबाह्य. म्हणजे केवळ कर्माने तारण हे मत कॅथलिक चर्चनेच अधिकृतपणे नाकारले आहे. त्याच्याही हजारेक वर्षे आधी, पाचव्या शतकात, माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलेजियसचा चर्चने निषेध केला होता. त्याचा सर्वांत मोठा विरोधक होता ऑगस्टीन. पुढे ल्यूथर ज्या साधुसंघात दाखल झाला, तोही याच ऑगस्टीनच्या नावाचा.

मग भांडण कशावरून?

भांडण तीन ठिकाणी होते.

पहिला मुद्दा: कृपा माणसाचे करते काय? कॅथलिक उत्तर असे की कृपा माणसात शिरते आणि त्याला खरोखर आतून बदलत नेते. तारण ही आयुष्यभराची वाटचाल आहे. माणसाची इच्छाशक्ती पापाने दुबळी झाली आहे, पण मेलेली नाही. कृपेने हात पुढे केला की माणसाने तो धरायचा असतो. या वाटचालीत सत्कर्मे वाढीला लागतात आणि त्यांना मोल असते. गंभीर पाप घडले तर मिळालेली कृपा गमावताही येते. ल्यूथरचे उत्तर वेगळे होते. देव न्यायाधीशासारखा निवाडा देतो: ख्रिस्ताची नीतिमत्ता तुझ्या खात्यावर जमा, तू निर्दोष. माणूस आतून पापीच राहतो, पण देवाच्या नजरेत नीतिमान ठरतो. एकाच वेळी दोन्ही. सत्कर्मे या निवाड्याचे फळ आहेत, कारण नव्हेत. म्हणून ‘केवळ श्रद्धा’. रोमकरांस पत्राच्या जर्मन भाषांतरात ‘केवळ’ हा शब्द त्याने स्वतः घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. केवळ श्रद्धा पुरेशी नाही असे सांगणाऱ्या याकोबाच्या पत्राला त्याने 1522 मध्ये गवताची उपमा दिली.

एक गोष्ट लक्षात घ्या. माणसाच्या कर्तृत्वाविषयी ल्यूथर पोपपेक्षा अधिक निराश आहे. 1524 मध्ये इरॅस्मस या विद्वानाने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, तेव्हा ल्यूथरने 1525 मध्ये आख्खा ग्रंथ लिहून सांगितले की तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बद्ध आहे. आपण ज्याला स्वातंत्र्याचा प्रेषित समजतो, त्याचा हा सिद्धांत आहे.

दुसरा मुद्दा: कृपा कोणाच्या हातून येते? कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत आणि त्यांतले बहुतेक धर्मगुरूच्या हातून होतात. बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते, पापनिवेदनाने नंतरची पापे. ल्यूथरने दोनच संस्कार टिकवले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. 1520 मध्ये त्याने मांडले की श्रद्धावान प्रत्येक जण याजकच आहे. पाळक हे काम आहे, वरचा वर्ण नाही. 1522 मध्ये त्याने नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला, 1534 मध्ये पूर्ण बायबल. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. इथे ल्यूथरचे श्रेय निर्विवाद आहे.

तिसरा मुद्दा: मेल्यानंतर काय? कॅथलिक मतानुसार पापाची क्षमा झाली तरी त्याची काही शिक्षा शिल्लक राहते. ती या जन्मी प्रायश्चित्ताने किंवा मरणानंतर शुद्धिस्थानात भोगावी लागते. ही शिक्षा कमी करण्याचा अधिकार चर्चकडे आहे, असा दावा होता. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना पापविमोचन पत्रे म्हणून वाचले, ती खरे तर पापाची नव्हे, त्या उरलेल्या शिक्षेची माफी होती. पण बाजारात हा बारकावा कोण सांगणार? जर्मनीत आल्ब्रेख्त नावाच्या आर्चबिशपने माइन्झची गादी मिळवताना आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांचे कर्ज काढले होते. ते फेडण्यासाठी पत्रांची विक्री झाली. निम्मी रक्कम सावकाराला, निम्मी रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला. मेलेल्या आईबापाच्या यातनांची भीती घालून गरिबाकडून पैसा काढायचा आणि तो सावकार व मंदिर यांत वाटायचा, ही व्यवस्था आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. 31 ऑक्टोबर 1517 ची ल्यूथरची 95 विधाने या विक्रीविरुद्ध होती. न्यायाने हेही सांगायला हवे की पोप पाचव्या पायसने 1567 मध्ये पैशाच्या बदल्यात दिलेल्या अशा सर्व सवलती रद्द केल्या. विक्री गेली, सिद्धांत मात्र आजही आहे.

प्रोटेस्टंटही एकसंध नाहीत. काल्व्हिनने 1536 पासून मांडणी वाढवत नेली की कोण तरणार हे देवाने आधीच ठरवले आहे. या मताला पुढे आर्मिनियसच्या अनुयायांनी विरोध केला आणि 1618-19 च्या डॉर्ट येथील धर्मसभेने त्यांना झिडकारले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मॅक्स वेबर इथे आठवेल. निवडलेल्यांत मी आहे की नाही, या भीतीतून माणूस आपल्या धंद्याच्या यशात देवाची खूण शोधू लागला, असे त्याने 1904-05 मध्ये मांडले. यश ही निवडीची खूण ठरली, की अपयशी गरिबाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, याचा विचार आपणच करावा.

1525: भूदासांनी तारणाचा अर्थ विचारला

आता मुख्य प्रकरण. 1520 मध्ये ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली. जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी, भूदासांनी तो शब्द ऐकला. त्यांचे जीवन कसे होते? जंगलातले लाकूड जमीनदाराचे, नदीतले मासे जमीनदाराचे, गावाची कुरणे जमीनदाराने बळकावलेली. घरातला कर्ता मेला की विधवेच्या घरातूनही जमीनदार आपला वाटा उचलून नेई.

मार्च 1525 मध्ये मेमिंगेन शहरात त्यांनी बारा कलमे लिहिली. ती लिहिण्यात सेबास्टियन लोट्झर नावाच्या, फरचे कपडे शिवणाऱ्या कारागिराचा हात होता. त्यातले तिसरे कलम आपण सर्वांनी समजून घ्यावे असे आहे. त्याचा आशय असा: आजवर आम्हाला मालकाची मालमत्ता समजले गेले. पण ख्रिस्ताने आपले रक्त सांडून सर्वांना सोडवले आहे, मेंढपाळाला आणि थोरामोठ्यालाही, कोणालाही वगळलेले नाही. म्हणून आम्ही मुक्त आहोत आणि मुक्त राहणार.

तारणाच्या सिद्धांतातून थेट सामाजिक मुक्तीची मागणी! ल्यूथरने काय केले? एप्रिल 1525 मध्ये त्याने जमीनदारांना त्यांच्या जुलमाबद्दल सुनावले, पण तिसरे कलम फेटाळले. त्याचे म्हणणे, या लोकांनी ख्रिस्ती स्वातंत्र्य शारीरिक करून टाकले. अब्राहामाकडेही गुलाम होते. गुलाम राहूनही माणूस ख्रिस्ती असू शकतो. उठाव पसरल्यावर मे महिन्यात त्याने दुसरी पुस्तिका काढली आणि शेतकऱ्यांना कापून काढा असे सरदारांना सांगितले.

15 मे 1525 रोजी फ्रांकेनहाउझेन येथे शेतकऱ्यांचा धुव्वा उडाला. तिथे त्यांच्यासमोर कोणाची फौज उभी होती? हेसचा फिलिप, ल्यूथरचा अनुयायी. आणि सॅक्सनीचा ड्यूक जॉर्ज, कट्टर कॅथलिक, ल्यूथरचा कडवा शत्रू. तारण श्रद्धेने की संस्काराने, यावर एकमेकांना पाखंडी म्हणणारे हे दोघे भूदासांसमोर एकाच बाजूला उभे राहिले. शेतकऱ्यांच्या बाजूचा धर्मोपदेशक थॉमस म्युन्त्सर पकडला गेला आणि त्याचे शिर उडवले गेले. या सबंध युद्धात मेलेल्यांचा आकडा इतिहासकार एक लाखापर्यंत नेतात.

असेच दुसऱ्यांदा घडले. बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून समजत्या वयात स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेणारे लोक 1525 मध्ये झुरिकमध्ये पुढे आले. त्यांना अॅनाबॅप्टिस्ट म्हणतात. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी 1527 मध्ये झुरिकच्या प्रोटेस्टंट नगरसभेने नदीत बुडवून मारले. 1529 मध्ये श्पायर येथे ल्यूथरच्या बाजूच्या सरदारांनी निषेध नोंदवला, त्यावरूनच ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. त्याच सभेत अॅनाबॅप्टिस्टांना देहदंड देण्याचा कायदा झाला, तो दोन्ही पक्षांच्या संमतीने.

समुद्रापलीकडेही हेच. प्रोटेस्टंट इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीने 1667 मध्ये कायदा केला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही. कॅथलिक फ्रान्सने 1685 च्या कायद्याने आपल्या वसाहतींतल्या गुलामांना कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला आणि त्यांना गुलामच ठेवले. आत्म्याचे तारण झाले, गळ्यातला पट्टा तसाच राहिला.

बाबासाहेबांनी बोट कुठे ठेवले?

म्हणून मला वाटते, आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न दोघांच्या मतभेदात सापडत नाही. तो त्यांच्या एकमतात आहे. औषध कोणी द्यायचे, धर्मगुरूने की थेट देवाने, यावर ते भांडले. रोगाचे निदान मात्र एकच होते: दोष माणसाच्या आत आहे, पाप त्याच्या स्वभावात आहे.

बाबासाहेबांनी नेमके या निदानावर बोट ठेवले. महाराष्ट्र शासनाने 1989 मध्ये काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. त्यात ते मूळ पापाच्या शिकवणीची तपासणी समाजशास्त्राच्या अंगाने करतात. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: अस्पृश्याचे पतन प्रतिकूल सामाजिक आणि धार्मिक परिस्थितीमुळे झाले आहे आणि ती परिस्थिती बदलण्यासाठी त्याने झगडले पाहिजे. पण त्याला सांगितले जाते की तुझे पतन तुझ्या पापामुळे झाले. मग तो परिस्थितीवर हल्ला करण्याऐवजी क्षमा मिळाल्याच्या समाधानात राहतो. त्याच प्रकरणात दक्षिणेतल्या दलित ख्रिश्चनांनी सायमन कमिशनपुढे ठेवलेले निवेदन बाबासाहेब देतात. ते निवेदन देणाऱ्यांत कॅथलिक होते आणि प्रोटेस्टंटही. दोघांची तक्रार एकच होती: धर्म बदलला, अस्पृश्यता राहिली.

बाबासाहेब या विषयात ल्यूथर आणि पोप यांपैकी एकाची बाजू घेत बसत नाहीत. कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला प्रथम अपराधी ठरवून मग क्षमा देणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे. बुद्धाला त्यांनी मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो.

पण एक आक्षेप गंभीरपणे घ्या

कोणी म्हणेल, मूळ पाप आणि कर्मसिद्धांत एकाच मापाने कसे मोजता? हा आक्षेप बरोबर आहे. मूळ पाप सर्वांना सारखे आहे. राजाही पापी, भूदासही पापी, पोपही पापी. पूर्वजन्मीचे कर्म मात्र जातवार वाटलेले आहे: वरच्याचे पुण्य, खालच्याचे पाप. एक सिद्धांत सर्वांना खाली ओढून का होईना, समान करतो; दुसरा श्रेणीबद्ध विषमतेला न्याय म्हणतो. मेमिंगेनचे शेतकरी ‘कोणालाही वगळलेले नाही’ असे म्हणू शकले, ते या समानतेच्या बीजामुळेच. ब्राह्मणी कर्मसिद्धांताच्या चौकटीत ते वाक्य लिहिताच येत नाही. हा फरक आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

आणि ते बीज मेलेही नाही. 1968 मध्ये कोलंबियातील मेदेयिन येथे लॅटिन अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी अन्यायकारक सामाजिक रचनेलाच हिंसा म्हटले. 1971 मध्ये पेरूच्या गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी मुक्तीच्या धर्मचिंतनावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे 1980 च्या दशकात अरविंद निर्मल यांच्यासारख्या प्रोटेस्टंट चिंतकांनी दलित धर्मचिंतन उभे केले. पाप केवळ माणसात नसते, व्यवस्थेतही असते, हे त्यांनी आपापल्या चर्चला ऐकवले. मेमिंगेनच्या तिसऱ्या कलमाला मिळालेले हे उशिराचे उत्तर आहे.

दरम्यान मूळ भांडण बरेचसे मिटले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी, फुगर सावकारांच्या त्याच आउग्सबुर्ग शहरात, व्हॅटिकन आणि लुथेरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस स्वतःच्या लायकीने नव्हे, ख्रिस्तावरील श्रद्धेतून केवळ कृपेने स्वीकारला जातो. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड चर्चसंघही त्यात सामील झाले. पोपचा अधिकार, शुद्धिस्थान, धर्मगुरूचे स्थान हे मतभेद शिल्लक आहेत. पण ज्या मुद्द्यावर एकमेकांना शाप दिले होते, त्यावर 450 वर्षांनी मूलभूत सहमती निघाली. भूदासांच्या तिसऱ्या कलमासाठी मात्र अशी संयुक्त बैठक कोणी बोलावली नव्हती. प्रशियात भूदासत्व रद्द करण्याचा हुकूम 1807 मध्ये निघाला. तोही नेपोलियनकडून पराभव झाल्यावर, राज्य वाचवण्यासाठी.

आपल्यासाठी यातून काय?

एक, ल्यूथरचा दाखला द्या, पण 1517 सोबत 1525 ही सांगा. पुरोहित हटवल्याने मालक आपोआप हटत नाही. धार्मिक क्रांती राजकीय मुक्तीची नांदी ठरते, पण ती पुढे नेणारे खालचे लोक संघटित असावे लागतात.

दोन, कोणत्याही धर्माचा, अगदी आपल्या धम्माचाही, विचार करताना दोन प्रश्न विचारा: तो माणसाच्या दुःखाचे निदान कुठे करतो? आणि ते दुःख निर्माण करणाऱ्या व्यवस्थेशी लढण्याचे बळ देतो की तिच्याशी जुळवून घ्यायला शिकवतो? धम्मही निव्वळ डोळे मिटून बसण्याची शांतता झाला, तर बाबासाहेबांचा आक्षेप आपल्यावरही लागू होईल.

तीन, दलित ख्रिश्चन बांधव कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशानेही विचारलेले नाही. त्याने दोघांनाही सरसकट वगळले. शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, बौद्धांचा 1990 मध्ये. आपल्यालाही त्या दारात 34 वर्षे जास्तीची उभे राहावे लागले होते. ते आजही बाहेरच आहेत. त्यांच्या तारणाच्या सिद्धांतावर मतभेद ठेवूनही त्यांच्या हक्कासाठी उभे राहता येते. पाचशे वर्षांपूर्वी भूदासांना चिरडण्यासाठी एकमेकांचे वैरी एकत्र आले होते. मग भूदासांच्या जातकुळीतले आपण आपल्या हक्कांसाठी वेगवेगळे का उभे राहावे?

जय भीम.